नाणेघाट: वाटाड्याच्या मागोमाग

पहाटे पाचला गाडी शिवाजीनगर सोडते. गाडी तुम्ही तुमच्यापुरतीच ठरवली आहे. सहलीच्या बसमध्ये बसायचं आणि कुणीतरी शिट्टी वाजवली की परत फिरायचं, हे आजच्या वाटेवर चालणार नाही. आज जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबायचं आहे, आणि मुख्य म्हणजे एका माणसाच्या मागून चालायचं आहे. तो जुन्नरच्या एसटी स्टँडवर भेटणार आहे. त्याचं गाव घाटघर. जुन्नरच्या पश्चिमेला देश संपतो आणि सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात उतरतो, तिथलं शेवटचं गाव. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "ऊन चढायच्या आत निघा, पाव्हणं. बाकीचं मी बघतो."

मार्गशीर्षातली थंडी आहे. भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर. कारखान्यांचे दिवे मागं पडतात आणि समोरून भाजीपाल्याचे टेम्पो यायला लागतात. नारायणगावला थांबून मिसळ खा, आणि सावकाश, चवीनं खा. दुपारच्या जेवणाला तुम्ही जिथं असाल तिथं मिरची नसेल, टोमॅटो नसेल, बटाटा नसेल, शेंगदाणाही नसेल. हे सगळं अमेरिकेतून निघून पोर्तुगीजांच्या हातून आपल्या ताटात पडायला तेव्हा अजून दीड हजार वर्षं अवकाश असेल.

जुन्नरच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीपाशी मामा उभे आहेत. तुम्ही त्यांना मामा म्हणता, कारण चहावाला म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो, सगळेच म्हणतात. पांढरा सदरा, टोपी, टायरच्या चपला. कमरेला मागच्या बाजूनं लाकडाची आकडी बांधलेली आणि तिच्यात कोयता अडकवलेला. महादेव कोळी समाजातला माणूस, पावसाळ्यात भात आणि नाचणी, उन्हाळ्याच्या तोंडाला झाडावरचा हिरडा, आणि मधल्या दिवसांत तुमच्यासारख्यांना डोंगर दाखवायचा. चहा संपवून ते पुढच्या सीटवर बसतात आणि विचारतात, "कुठल्या काळात जायचंय?"

तुम्ही सांगता, सातवाहनांच्या.

"मंग लांब जावं लागंल," मामा म्हणतात, आणि गाडी निघते.

गावातून बाहेर पडताना एका अंगाला शिवनेरी उभा आहे. शिवनेरी म्हटलं की १६३० साल आठवतं, आणि ते तसंच आठवायला हवं. पण त्याच डोंगराच्या कड्यात त्याच्याही दीड हजार वर्षं आधी भिक्खूंसाठी लेणी खोदली गेली होती. नदीपलीकडं लेण्याद्री, इकडं मानमोडी, पलीकडं तुळजा. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या घरात लेणी आहेत, इतकी गर्दी महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावाभोवती नाही. लेण्याद्रीचा चैत्य ज्यानं दान दिला तो कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा मुलगा होता. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, आणि चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. बुरुडांची श्रेणी आणि कासारांची श्रेणी इथं लोकांच्या ठेवी सांभाळत होत्या. त्या ठेवींच्या व्याजातून लेण्यांचा खर्च चालायचा, आणि हे सगळं दगडावर लिहून ठेवलेलं आहे. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या कुशीतल्या गावात ग्रीक माणूस टाक्या बांधतो आणि कल्याणच्या धनिकाचा मुलगा चैत्य कोरवतो, त्या अर्थी समुद्राचा पैसा इथवर येत होता. तो ज्या वाटेनं वर येत होता त्या वाटेवर मामा तुम्हाला घेऊन चालले आहेत.

आपटाळे मागं पडतं. चावंडच्या आसपास मोबाइलची रेंज जाते. या भागात ती जातेच, म्हणून तुम्ही लक्ष देत नाही. मग विजेचे खांब दिसेनासे होतात. मघाशी माणिकडोह धरणाचं पाणी पसरलेलं होतं, तिथं आता कुकडीचं अरुंद पात्र आहे आणि दोन्ही काठांना कापणी झालेली भाताची खाचरं. डांबर संपून खडी लागते, खडी संपून चाकोऱ्या. ड्रायव्हर न बोलता गिअर खाली घेतो.

जीवधनचा कातळ समोर येतो तेव्हा मामा खिडकीतून हात बाहेर काढतात. माथ्यावर पहारा आहे. "पोरगं वर हाय," ते हळू आवाजात म्हणतात. हे १६३३ आहे. निजामशाहीचा वारस मुर्तजा, अजून मूल, या किल्ल्यावर कैदेत आहे. शहाजीराजे त्याला इथून सोडवून पेमगिरीला नेतील, गादीवर बसवतील आणि त्याच्या नावानं कारभार करतील. त्या मुलाला वरून काय दिसत असेल? एका बाजूला हा घाटमाथा, दुसऱ्या बाजूला हजारो फूट खाली कोकण. थांबावंसं वाटतं, पण आपल्याला अजून सोळाशे वर्षं मागं जायचं आहे.

घाटघरच्या पुढं चालत जायचं. गाडी कुठं उभी राहिली ते आता पाहू नका, ती तिच्या काळात उभी आहे. पिवळ्या गवताचं पठार, मधून कारवीची झुडपं, कडेला हिरड्याची झाडं. मामा पुढं आहेत. त्यांचा सदरा आणि टोपी गेली आहे; कमरेला पंचा, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, पाय उघडे. आकडी आणि कोयता तेवढा जसाच्या तसा. चालही तीच, आखूड पावलांची, टाच हलकी टेकणारी. ही चाल ओळखून ठेवा, खाली उतरताना तिचाच आधार आहे.

आधी वास येतो: शेणाचा, गुरांच्या घामाचा, तिळाच्या तेलाचा. मग घंटांचा आवाज. पठार जिथं फाटतं तिथं पोहोचता आणि समोर शेपन्नास बैल उभे असलेले दिसतात, पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या, काहींच्या गोण्या उतरवून ठेवलेल्या. गाढवंही आहेत. बैलगाड्या मात्र इथंच थांबतात, कारण पुढची वाट गाडीच्या चाकाची नाही. पैठणहून, तेरहून, नेवाशाकडून आलेला माल इथं गाडीतून उतरतो आणि जनावराच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर चढतो. तेरचं कापड आहे, जाडंभरडं आणि तलम दोन्ही. पैठणकडचा अकीक लहान पिशव्यांत, आणि त्या पिशव्यांपाशी एक हत्यारबंद माणूस.

वाटेच्या तोंडाशी दगडाचा रांजण आहे. तुमच्या काळातही तो इथंच आहे आणि लोक त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. कुणी त्याला जकातीचा रांजण म्हणतं, कुणी पाण्याचा. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जकातीचा म्हटलंय आणि मला तेच मानायला आवडतं, म्हणून आज इथं, तुमच्यासमोर, मामा कमरेच्या गाठीतून एक नाणं काढतात आणि त्यात टाकतात. शिशाचं नाणं, हत्तीचा छाप. तुमच्याकडं या काळात चालेल असं काही नाही, तेव्हा तुमचीही जकात तेच भरतात. रांजणापाशी बसलेला माणूस तुमच्या बुटांकडं जरा वेळ बघतो आणि मग मामांकडं बघून मान हलवतो. मामांचा पाहुणा आहे, एवढं त्याला पुरतं.

इथून खिंड. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मधून फरसबंद वाट, इतकी अरुंद की वर येणारा तांडा असला तर खाली जाणाऱ्यानं थांबायचं. वारा खालून वर येतो आणि तोंडावर आदळतो. याच वाऱ्यानं तुमच्या काळात पावसाळ्यात धबधबा उलटा उडतो आणि तो पाहायला शनिवार-रविवारी हजारो गाड्या येतात. पाऊस संपला की गाड्या संपतात. खिंडीतून चार पावलं खाली उतरायचीही बहुतेकांना गरज वाटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या चार पावलांवरच एक लेणं आहे.

लेणं म्हणजे डोंगर पोखरून केलेली चौकोनी खोली, तिन्ही भिंतींना दगडी बाक. आत माणसं लवंडलेली आहेत. एक जण पायातला काटा काढतो आहे. कोपऱ्यात कुणाचं तरी लहान मूल झोपलं आहे. उन्हातून आल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही, आणि मग हळूहळू मागची भिंत दिसायला लागते.

तुमच्या काळात या भिंतीवर पावलांच्या खुणा आहेत आणि वर नावं कोरलेली आहेत. मधली माणसं नाहीत. आज ती आहेत, पुरुषभर उंचीची, रांगेनं उभी. पुरुषांच्या डोक्याला भरघोस गाठीची पागोटी, कार्ल्याच्या लेण्यातल्या दंपतींच्या असतात तशी. स्त्रीच्या पायांत जाड वाळे, कानांत खांद्यापर्यंत आलेली कुंडलं. सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि तिच्या शेजारी राजा सिरी सातकणी. कुमार भाय. महारठी त्रणकयिरो. कुमार हकुसिरी. कुमार सातवाहन. तुम्ही राणीच्या चेहऱ्याकडं बघत राहता. तुमच्या काळातला एकही माणूस हा चेहरा ओळखत नाही, आणि इथं काटा काढणाऱ्या त्या माणसानं तिच्या पायापाशी आपलं घोंगडं टाकलं आहे.

डाव्या आणि उजव्या भिंतींवर ओळीच्या ओळी अक्षरं आहेत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. सुरुवातीला वंदन: धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्राला, सूर्याला, यम, वरुण, कुबेर आणि वासव या चार लोकपालांना. मग एक विधवा राणी, जी महिना महिना उपास करते, घरात राहून तपस्विनीसारखी जगते, ती आपल्या पतीबरोबर केलेल्या यज्ञांचा हिशेब देते. अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञाला काय दिलं ते आकड्यांत. १,७०० गायी. ११,००० गायी, १,००० घोडे. २४,४०० कार्षापण. हे आकडे अक्षरांत नाहीत, चिन्हांत कोरलेले आहेत. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, कारण शून्य मांडून स्थान बदललं की किंमत बदलते, ही रीत अजून रुजलेली नाही. तुम्ही ज्या आकड्यांनी गाडीचं भाडं ठरवलंत त्यांतल्या काहींचे पूर्वज या भिंतीवर आहेत. भारतातले इतके जुने आणि इतके सारे आकडे एका जागी दुसरीकडं क्वचितच मिळतात.

"वाचता येतं का, मामा?" तुम्ही विचारता.

"न्हाय," ते म्हणतात. "पर ऐकून ठावं हाय. राणीनं दिलं, राणीनं दिलं, असंच हाय समदं."

राणीनं दिलं, हे खरंच आहे, आणि ज्या काळात बाईचं नाव नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावाआड असायचं त्या काळात एका बाईनं व्यापाराच्या सगळ्यात वर्दळीच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी आपला हिशेब कोरवला, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. पण या भिंतीवर दान देणारे आहेत, घेणारे आहेत, देव आहेत, राजे आणि राजपुत्र आहेत. पावसाळ्यात कुठला दगड सुटतो, कुठल्या टाक्याचं पाणी फाल्गुनापर्यंत टिकतं, धुकं उतरलं तर कुठल्या हाताला भिंत धरायची, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांतल्या कुणाचं नाव इथं नाही. जुन्नरच्या लेण्यांत बुरूड आहेत, कासार आहेत, धान्याचे व्यापारी आहेत. वाटाड्या नाही. तो असल्याशिवाय यांतला एकही जण घाट चढला नसता. सातवाहनांची सत्ता गेली, जकात गेली, व्यापार गेला, तरी वाट पुरती बुजली नाही, कारण दर पिढीत कुणीतरी घाटघरचं माणूस कुणालातरी ती दाखवत राहिलं.

मामा कोयत्याच्या मुठीवर हात ठेवून बाहेर उभे आहेत. निघायला हवं.

लेण्याच्या तोंडातून सगळं कोकण दिसतं. वाट वळणं घेत झाडीत शिरते. कातळात जागोजागी पाण्याच्या टाक्या खोदलेल्या आहेत. एका टाक्यापाशी खाली निघालेल्या तांड्याबरोबर तुम्हीही थांबता. हा तांडा घाईत आहे आणि त्या घाईला कारण आहे. तांबड्या समुद्राच्या मुखावरची जहाजं आषाढात नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर निघतात आणि पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागतात. परतीचा वारा ईशान्येचा, तो मार्गशीर्ष-पौषात भरतो. या दिवसांत माल बंदरात पोहोचला नाही, तर जहाज निघून जातं आणि कापड पुढचा पावसाळाभर वखारीत पडून राहतं. म्हणून पाऊस थांबून वाट सुकली की घाटात रीघ लागते. वाऱ्यांचं हे गणित अरबी समुद्राचं आहे, आणि ते इथल्या बैलांच्या पाठीला कळतं.

खालून एक तांडा वर येतो. तुम्ही कड्याला पाठ लावून उभे राहता. बैलांच्या पाठीवर दोन कानांचे, खाली निमुळते होत गेलेले मातीचे उंच घट आहेत, गवतात गुंडाळलेले. त्यांत दारू आहे, इटलीकडची. मग मिठाच्या गोण्या, सुक्या मासळीचा वास, आणि शेवटी सगळ्यात थकलेली जनावरं, ज्यांच्या पाठीवर फार मोठं ओझं दिसत नाही पण ज्यांचे पाय थरथरतात. त्यांच्यावर शिसं आहे. समुद्रापलीकडून येणाऱ्या मालात तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच असं काय काय असतं, हे एका ग्रीक नाविकानं लिहून ठेवलंय. त्याच्या त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात; ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, लिहिणाऱ्याचं नाव आज कुणाला माहीत नाही. सातवाहनांची नाणी पुष्कळशी शिशाची. म्हणजे मघाशी मामांनी रांजणात टाकलेलं ते नाणं याच वाटेनं, अशाच एखाद्या बैलाच्या पाठीवरून वर आलेलं असू शकतं. तुम्ही त्या बैलाला वाट देता.

टाक्याच्या काठावर मामा फडकं सोडतात. नाचणीची जाड भाकरी, तिळाची भरड, मीठ, आणि तिखटाच्या जागी चार मिरी, त्याही तुमच्यासाठी मुद्दाम आणलेल्या, कारण मिरी दक्षिणेतून येते आणि इथं रोज कुणी खात नाही. भाकरी तोडताना ते समुद्राच्या दिशेला बघतात. कल्याणचं बंदर इथून दिसत नाही, पण त्यांना कुठं आहे ते ठाऊक आहे.

"तुमी फुडनं आलाय," ते म्हणतात. "ह्ये तांडे असेच येत्याल न्हवं?"

काय सांगाल? लवकरच क्षत्रप या भागावर चालून येतील. कल्याणला येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातील, हेही त्याच नाविकानं लिहिलंय. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम मानमोडीच्या लेण्यात दान देऊन आपलं नाव कोरेल. मग गौतमीपुत्र सातकर्णी हे सगळं परत जिंकून घेईल. तांडे थांबतील, पुन्हा सुरू होतील, कमी होतील. खूप पुढं, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे वर चढेल. त्याच्याही पुढं माळशेज घाटातून मोटारीचा रस्ता जाईल आणि कल्याणहून जुन्नरला यायला कुणालाही नाणेघाट चढावा लागणार नाही. तेव्हा तुम्ही एवढंच सांगता की माणसं येत राहतील. हे खोटं नाही.

मामा भाकरीचा शेवटचा तुकडा टाक्याच्या काठावर मुंग्यांना टाकतात आणि उठतात.

चढताना दम लागतो. घाटमाथा बराच उंच आहे, तुम्ही अर्धाच उतरला होतात, तरीही पोटऱ्या भरून येतात. मामा थांबत नाहीत, पण त्यांची पावलं आखूड होतात. अर्ध्या वाटेवर घंटांचा आवाज कमी होतो. एका वळणानंतर तो येतच नाही. फरसबंदीच्या फटींत गवत वाढलंय. मामांच्या अंगात आता बंडी आहे.

लेण्यापाशी लाल डगल्यातले दोन शिपाई, एक घोडा आणि एक गोरा साहेब आहे. १८२८. विल्यम साइक्स, मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनच्या जमिनी, पिकं, माणसं, पाखरं, सगळ्याची नोंद घेत हा माणूस फिरतो आहे. लेण्याच्या भिंतीसमोर तो फार वेळ उभा राहिला आहे. मागच्या भिंतीवर आता माणसं नाहीत. त्याच्या कारकुनानं अक्षरांची नक्कल करायला घेतली आहे, पण ती अक्षरं या क्षणी जगात कुणालाही वाचता येत नाहीत. ब्राह्मीची किल्ली जेम्स प्रिन्सेपच्या हाती लागायला १८३७ उजाडावं लागेल. मग भगवानलाल इंद्रजी या आकड्यांचा कसून अभ्यास करतील, ब्यूलर संपूर्ण लेख लावेल, मिराशी त्यावर पुन्हा लिहितील, आणि नायनिका दोन हजार वर्षांनी पुन्हा आपला हिशेब सांगायला लागेल. साहेबाला इथवर आणणारा माणूस घोड्याचा लगाम धरून उभा आहे. त्याच्या कमरेला आकडी आहे. मामा त्याच्याकडं बघतात, तो मामांकडं. दोघं काही बोलत नाहीत. बोलायची गरज नसावी.

खिंडीतून वर येता आणि फोन थरथरतो. सात मेसेज. रांजणाजवळ दोन मुलं सेल्फी काढताहेत. लेण्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, भिंतीवर बदामात कोरलेली नावं आहेत, कुणाकुणाची, वर्षासकट. राणीच्या लेखाशेजारी आपलं नाव कोरणाऱ्यांवर मामा चिडत नाहीत, पण थांबून ते नाव बोटानं पुसून बघतात, जणू ते खडूनं लिहिलंय. ते पुसलं जात नाही. तुम्हाला राग येतो, आणि यायलाच हवा. दोन हजार वर्षं टिकलेली ओळ पाच मिनिटांत खराब करता येते. त्या पाच मिनिटांत इथं उभं राहून 'असं करू नको बाळा' म्हणणारा माणूस असला तर ती वाचते. अशा माणसाची जागा सरकारी पाटी घेऊ शकत नाही. तो इथलाच हवा, रोज येणारा हवा, आणि त्याचं पोट त्यावर चाललं पाहिजे. म्हणून इथं याल तेव्हा गावातल्याच कुणाला तरी सोबत घ्या, त्याची दिवसाची मजुरी नीट द्या, घासाघीस करू नका.

घाटघरात मामांच्या ओट्यावर बिनदुधाचा चहा होतो. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, गाड्यांचे भाग करतो, आठवड्याला घरी येतो. नातू पाचवीत आहे. तो आतून धावत येतो आणि आजोबांच्या कमरेची आकडी सोडून खुंटीला लावतो. यंदा हिरड्याला भाव कसा मिळाला ते मामा सांगतात, खाचरातला भात किती झाला ते सांगतात, तुम्ही पैसे देता ते मोजत नाहीत.

गाडी सुरू होते तेव्हा ते खिडकीशी येतात.

"पुढल्या बारीला खालनं या," ते म्हणतात. "कल्याणवरनं मुरबाड, टोकावडं, वैशाखरं. पाटी दिसंल रस्त्याला, तिथनं झाडीत शिरायचं. उजाडताच चढायला लागायचं, तुमच्या चालीनं तीन तास. पाण्याच्या दोन बाटल्या, आन् बूट ह्येच घाला, चांगलं हायती. येकलं चढू नका. खाली माझा भाचा ऱ्हातो, त्याला सांगून ठिवतो मी."